जॉइस शिकताना: आधी माणूस की आधी पुस्तक?

लिफीकाठचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

अकरा वर्षं डब्लिनमध्ये आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. यंदा डोक्यात किडा वळवळला आणि इथल्या एका विद्यापीठात इंग्रजीच्या एम.ए.ला अर्धवेळ नाव घातलं. बायकोचं म्हणणं, या वयात लोक मोटरसायकल घेतात, तू पुस्तकं घेतलीस, तेवढंच हाडं तरी शाबूत राहतील. पहिल्या सत्रात एक अख्खा विषय जेम्स जॉइस या आयरिश लेखकावर आहे, त्याचं आयुष्य आणि त्याचं साहित्य. ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह, ‘पोर्ट्रेट’ आणि ‘युलिसीस’ या कादंबऱ्या. आठवडे बारा. एकट्या युलिसीसचीच प्रकरणं अठरा. गणित तुम्हीच करा.

अडचण अशी. शिकवणाऱ्या दोघींची मतं दोन टोकांची. व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणतात, रिचर्ड एलमनने लिहिलेलं जॉइसचं चरित्र निबंध लिहून होईपर्यंत उघडू नका, ती कुबडी आहे. ट्युटोरियल घेणारी मुलगी (मुलगीच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान) आम्हाला शनिवारी पावसात शहरभर फिरवते. इथे तो राहिला, इथे बापाने घर गमावलं, इथे त्याची बायको नोरा कामाला होती. मला दोन्ही पटतं, म्हणून गोंधळ. डिसेंबरात चार हजार शब्दांचा निबंध द्यायचाय. विषय अजून ठरलेला नाही.

तर लेखक शिकायचा म्हणजे आधी त्याचं आयुष्य वाचायचं की आधी पुस्तक? ज्यांनी कुठल्याही लेखकाचा असा अभ्यास केलाय त्यांनी अनुभव सांगावेत.

तिरकस_तात्या
आधी चहा. मग पाहू.

पाटीपेन्सिल
हा धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसले आहे.

बाकावरचा
व्याख्यानवाल्या बाईंना माझं अनुमोदन. कारण सांगतो.

मी १९९८ साली एम.ए. केलं, महाराष्ट्रातल्याच एका कॉलेजात, नाव जाऊ द्या. ‘पोर्ट्रेट’ लावलेलं होतं. सरांनी पहिले तीन आठवडे चरित्र सांगितलं, सांगितलं म्हणजे लिहून दिलं. जन्म २ फेब्रुवारी १८८२, वडील पिणारे, घरं बदलत गेली, जेझुइटांच्या शाळा, १९०४ मध्ये देशत्याग, १३ जानेवारी १९४१ रोजी झुरिकमध्ये मृत्यू. परीक्षेत प्रश्न आला: ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून चर्चा करा.’ सगळ्या वर्गाने आयुष्य लिहिलं आणि खाली ‘म्हणून ही कादंबरी आत्मचरित्रात्मक आहे’ असं ठोकलं. मला ६२ टक्के मिळाले. पुस्तक मी परीक्षेनंतर दोन वर्षांनी वाचलं, नाशिक-मुंबई पॅसेंजरमध्ये, आणि तेव्हा कळलं की पहिल्या पानावर वाक्यं बाळाच्या तोंडची आहेत आणि पोरगा वाढतो तशी भाषाही वाढत जाते. हे तीन आठवड्यांत एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. चरित्राने पुस्तक झाकून टाकलं होतं.

उगाच
+१. आमच्याकडेही हेच. कवी कुठलाही असो, पहिला प्रश्न ‘जन्मगाव लिहा’.

अडगळीची_खोली
बाकावरचा, तुमच्या सरांनी वाईट शिकवलं, त्याचं खापर चरित्रावर का?

मी गेली बावीस वर्षं पदवीच्या मुलांना शिकवते, त्यात ‘डब्लिनर्स’मधल्या दोन-तीन गोष्टी असतात. एक उदाहरण देते, मग तुम्हीच सांगा. ‘युलिसीस’मध्ये स्टीफनच्या (‘पोर्ट्रेट’चाही नायक तोच, जॉइसने स्वतःवरूनच बेतलेला) मनाला एक गोष्ट सारखी कुरतडते. मरणाऱ्या आईने त्याला गुडघे टेकून प्रार्थना करायला सांगितलं आणि तो टेकला नाही. त्याचा दोस्त मलिगन त्याला त्यावरून टोचतोही. आता प्रत्यक्षात काय झालं? जॉइसची आई १९०३ च्या ऑगस्टमध्ये गेली. शेवटी ती शुद्धीवर नव्हती. गुडघे टेका असं दरडावलं ते मामाने. जेम्स आणि त्याचा भाऊ स्टॅनिस्लॉस दोघंही टेकले नाहीत.

म्हणजे लेखकाने मामाला काढून टाकलं, भावाला काढून टाकलं आणि मागणं आईच्या तोंडी घातलं. स्वतःवरचा आरोप त्याने स्वतःच वाढवून घेतला! मामाला नकार देणं हा बाणेदारपणा झाला असता. आईला नकार देणं आयुष्यभर पुरतं. हे कळायला चरित्र लागतं. चरित्र आणि पुस्तक यांत जिथे फट पडते तिथेच लेखक काम करताना सापडतो.

बाकावरचा
हे माहीत नव्हतं. चांगलं आहे. पण अडगळबाई, फट दिसायला आधी पुस्तक वाचलेलं हवं ना? मी क्रम म्हणतोय. बंदी म्हणत नाही.

अडगळीची_खोली
तुम्ही वर ‘झाकून टाकलं’ म्हणालात. क्रम आत्ता काढलात. :)

असो, आणखी एक फट. कादंबरीची सुरुवात सँडीकोव्हच्या मार्टेलो बुरुजात होते. तिथे भाडं स्टीफनने भरलंय असा सूर आहे. खरं भाडं भरत होता ऑलिव्हर गोगार्टी, म्हणजे ज्याच्यावरून मलिगन बेतला तो. जॉइस तिथे सप्टेंबर १९०४ मध्ये जेमतेम सहा रात्री राहिला. तिसरा एक ट्रेंच नावाचा पाहुणा होता, त्याला स्वप्नात काळा बिबट्या दिसला आणि त्याने झोपेत पिस्तूल झाडलं. मग गोगार्टीने तेच पिस्तूल घेऊन जॉइसच्या डोक्यावरच्या फळीवरची भांडी उडवली. जॉइस त्याच रात्री निघाला. अठरा वर्षांनी गोगार्टी जगाच्या साहित्यात अजरामर झाला, त्याला नको त्या रूपात.

तिरकस_तात्या
म्हणजे भाडं न भरता रूममेटचं नाव कायमचं खराब करायची सोय. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो तेव्हा कुणी कादंबरीकार नव्हता, देवाची कृपा.

लिफीकाठचा
@अडगळीची_खोली, बुरुज पाहिलाय. आता म्युझियम आहे. वरच्या मजल्यावर खोली तशी मांडून ठेवलीय आणि त्यात चिनी मातीचा काळा बिबट्या ठेवलाय! आमचा ग्रुप हसला, मी मात्र नुसताच बघत राहिलो, कारण तेव्हा ही गोष्ट ठाऊक नव्हती. हा मुद्दा चरित्राच्या बाजूने धरा.

फिरण्याबद्दलही सांगतो. ट्युटर आम्हाला एक्लस स्ट्रीटला घेऊन गेली. सात नंबरचं, ‘युलिसीस’च्या नायकाचं, ब्लूमचं घर आता नाही, पाडलं. दार तेवढं उचलून नॉर्थ ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या जॉइस सेंटरमध्ये आणून ठेवलंय. भिंतीला टेकलेलं नुसतं दार. तिथे उभं राहून तिने सांगितलं की १९२१ मध्ये पॅरिसमधून जॉइसने मामीला पत्र लिहून विचारलं होतं: साधारण माणसाला सात नंबरच्या कठड्यावरून चढून, खाली लोंबकळून, न लागता उडी मारता येईल का? कारण ब्लूम किल्ली विसरतो आणि त्याला तसंच आत शिरायचं असतं. मी टेस्टर आहे हो. हे पत्र ऐकून मला पहिल्यांदा या माणसाबद्दल माया वाटली. हा गृहस्थ रिलीजच्या आधी एज केस तपासत होता.

पाटीपेन्सिल
हाहाहा. एज केस!

निवांत_आजी
माझं वय ७४. साहित्याची विद्यार्थिनी नव्हे, बँकेत होते. पण आमच्या काळी मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’वर चर्चा झडायच्या. १९४२ची कादंबरी. ‘संज्ञाप्रवाह’ (मनात विचार येतील तसे मांडत जायचं) हा शब्द मी तिच्यासंबंधातच प्रथम ऐकला, आणि त्यामागोमाग जॉइसचं नाव. म्हणजे आमच्याकडे जॉइस आला तो मर्ढेकरांच्या मागच्या दाराने. मी वाचनालयातून ‘युलिसीस’ आणलं, चाळीस पानं वाचली आणि ग्रंथपालांना म्हटलं, आजारी माणसाला देऊ नका.

आता विचारते, कुठून सुरू करावं?

अडगळीची_खोली
आजी, चौथ्या प्रकरणापासून! पहिली तीन स्टीफनची, त्यांतलं तिसरं सर्वांचा बळी घेतं. चौथ्यात ब्लूम बायकोसाठी न्याहारी करतो, मांजरीशी बोलतो, खाटकाकडून गुर्दा आणतो आणि तो करपवतो. दिवस तोच, १६ जून १९०४, वेळही पुन्हा सकाळी आठची. काही चुकत नाही.

निवांत_आजी
गुर्दा कशाचा?

अडगळीची_खोली
डुकराचा.

निवांत_आजी
बरं. उपास सोडून दुसऱ्या दिवशी वाचीन.

गॉलवेची_झुळूक
इतके प्रतिसाद झाले आणि नोराचं नाव एकदाच, तेही ‘कामाला होती’ म्हणून! मी गॉलवेत सहा वर्षं आहे, म्हणून थोडं तिच्या बाजूने.

नोरा बार्नॅकल गॉलवेची. डब्लिनमध्ये फिन्स हॉटेलात काम करत होती. नॅसॉ स्ट्रीटवर जॉइसला भेटली आणि १६ जून १९०४ ला दोघं पहिल्यांदा फिरायला गेले. जगभर ‘ब्लूम्सडे’ म्हणून साजरा होतो तो दिवस. त्या ऑक्टोबरात ती त्याच्याबरोबर देश सोडून निघाली, लग्नाशिवाय. लग्न केलं १९३१ मध्ये लंडनला, तोवर मुलं मोठी झालेली. तिच्या आईचं बोलिंग ग्रीनमधलं घर इथे आहे. इतकं लहान की मी दारात उभी राहिले तर माझी छत्री मावेना. आणि राहूनच्या स्मशानात मायकेल बॉडकिन पुरलेला आहे, नोरावर जीव असलेला तरुण, लहान वयात गेला. ‘डब्लिनर्स’च्या शेवटच्या गोष्टीतला मायकेल फ्युरी तो. विचार करा, बायकोने आपल्या जुन्या, मेलेल्या प्रियकराबद्दल सांगितलं आणि नवऱ्याने त्यातून आयुष्यातली सर्वोत्तम कथा केली, पंचविशीत. त्या कथेत हेवा नवऱ्याचाच आहे आणि तो कुठेही झाकलेला नाही.

आता माझी शंका. आयुष्य शिकायचं तर कुठवर? १९०९ मध्ये त्या दोघांत जी खासगी पत्रं झाली ती १९७५ साली छापली गेली. वर्गात ती वाचली जातात. आमच्याकडे सेमिनारमध्ये एका मुलाने ती मोठ्याने वाचली आणि सगळे खाली बघत होते. मुलगी लुचिया नर्तकी होती, पुढे मनोरुग्णालयांत आयुष्य गेलं, १९८२ मध्ये नॉर्थॅम्प्टनला वारली. नातू स्टीफन जॉइस याने १९८८ मध्ये जाहीरच केलं की तिची पत्रं मी नष्ट केली. अभ्यासक भडकले. मला तेव्हा नातवाचा राग आला होता. त्या सेमिनारनंतर तेवढा येत नाही.

बाकावरचा
नातवाने अभ्यासकांना परवानग्या नाकारून किती छळलं ते विसरू नका. २०११ संपताना युरोपात कॉपीराइट संपला तेव्हा प्राध्यापकांनी पेढे वाटले असतील.

गॉलवेची_झुळूक
वाटले असतील. पण पत्रं लुचियाची होती, प्राध्यापकांची नव्हे.

उगाच
अवघड आहे. आमच्या आजोबांच्या पत्रांची पेटी आत्याने बंबात घातली. घरात अजून दोन पक्ष आहेत.

कोकमकढी
धाग्यावर आयर्लंड आणि मालवण एकत्र आल्याशिवाय ऱ्हवणां नाय म्हणून: लिओ वराडकर! वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये आमच्या गावचो झील थंय पंतप्रधान झालो. २०१९ मध्ये गावात येऊनही गेले.

तिरकस_तात्या
त्यांनी युलिसीस वाचलं का?

कोकमकढी
गावात कुणीच विचारलां नाय. माश्याचो प्रश्न महत्त्वाचो होतो.

पाटीपेन्सिल
धागा मालवणला पोचला. आता परत फिरवा कुणीतरी.

लिफीकाठचा
फिरवतो. आवृत्तीबद्दलही विचारायचं होतं. माझ्याकडे सेकंडहँड प्रत आहे, ट्युटर म्हणते गाब्लरची घे. फरक पडतो का?

शब्दवेल्हाळ
पडतो, आणि एका अक्षराने पडतो. स्टीफनला पॅरिसमध्ये वडिलांची तार येते, आई मरायला टेकली आहे, घरी ये. जुन्या छापील प्रतींत तार शुद्ध आहे. पण जॉइसने लिहिलं होतं ‘मदर’च्या जागी ‘नदर’, म्हणजे तारवाल्याची चूक जशीच्या तशी. म्हणून तर स्टीफन ती तार दाखवण्याजोगी गंमत म्हणून आठवतो. छापणाऱ्यांनी इमानेइतबारे चूक सुधारली आणि वाक्याचा अर्थच गेला. हान्स वॉल्टर गाब्लरच्या १९८४च्या आवृत्तीत चूक परत आली. त्या आवृत्तीवरही पुढे महाभारत झालं, पण तो वेगळा धागा.

आणि बँकांनाही जॉइस जमत नाही. २०१३ मध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने त्याच्या सन्मानार्थ चांदीचं दहा युरोचं नाणं काढलं. त्यावर ‘युलिसीस’मधलं वाक्य कोरलं आणि त्यात एक ‘दॅट’ जास्तीचा घातला!

निवांत_आजी
बँकेची बाजू घेते. त्या पुस्तकात एक शब्द जास्त आहे हे कुणाच्या लक्षात यावं?

तिरकस_तात्या
आजी फॉर्मात.

शब्दवेल्हाळ
मूळ प्रश्नाकडे येतो. लिफीकाठचा, तुम्ही विद्यापीठात जॉइस शिकता आहात, तर विद्यापीठातला जॉइस वाचा की. आयुष्याचा तेवढाच तुकडा घ्या, जन्मापासून झुरिकपर्यंत सगळं नको.

१८९८ ते १९०२ तो युनिव्हर्सिटी कॉलेजात होता, सेंट स्टीफन्स ग्रीनवर, जेझुइट चालवत होते. ट्रिनिटी कॉलेज जवळच होतं, पण कॅथलिक मुलांना बिशपांची मनाई. ती मनाई १९७० पर्यंत टिकली! विषय घेतले आधुनिक भाषा. वर नॉर्वेजियन स्वतः शिकला, का तर नॉर्वेचा नाटककार इब्सेन मुळातून वाचायचा. अठराव्या वर्षी इब्सेनवर लेख लिहिला, तो लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त १ एप्रिल १९०० ला आला, १२ गिनी मिळाल्या. वर्गमित्रांची काय अवस्था झाली असेल! १९०१ मध्ये आयरिश नाट्यगृहावर टीका करणारा लेख कॉलेजच्या मासिकाने नाकारला. त्याच मासिकाने स्केफिंग्टन नावाच्या दोस्ताचा, स्त्रियांना विद्यापीठात बरोबरीचा हक्क द्या, असा लेखही नाकारला. दोघांनी पदरचे पैसे घालून एकच पत्रक छापलं, ८५ प्रती, आणि वाटत सुटले. एकमेकांची मतं पटत नव्हती, म्हणून ज्याच्या लेखाला तोच जबाबदार, असं पत्रकात लिहूनही टाकलं.

आणि मातृभाषेचं काय? त्या काळात आयरिश भाषेची चळवळ जोरात. जॉइस काही दिवस पॅट्रिक पिअर्सच्या वर्गाला गेला आणि सोडून दिला. पिअर्स आयरिशची थोरवी सांगायला इंग्रजी शब्दांची टर उडवायचे, ते त्याला खपलं नाही. नॉर्वेजियन शिकेन, आयरिश नाही! आपल्याकडे असं कुणी केलं तर धाग्यावर दोनशे प्रतिसाद पडतील.

बाकावरचा
पडतील काय, पडले आहेत. मागच्या २७ फेब्रुवारीचा धागा काढून बघा.

अडगळीची_खोली
शब्दवेल्हाळ यांनी इथवर आणलंच आहे तर ‘पोर्ट्रेट’मधला टंडिशचा प्रसंग सांगायलाच हवा. मी वर्गात दरवर्षी करते.

स्टीफन कॉलेजच्या फिजिक्स थिएटरमध्ये येतो. तिथे डीन, इंग्रज पाद्री, शेकोटी पेटवतोय. बोलता बोलता दिव्यात तेल घालायची गोष्ट निघते. डीन म्हणतो ‘फनेल’. स्टीफन म्हणतो, कुठलं फनेल? ‘टंडिश’ म्हणताय का? डीनने तो शब्द ऐकलेला नाही. आयर्लंडमध्ये असं म्हणतात होय? स्टीफन हसून म्हणतो, लोअर ड्रमकोंड्रात म्हणतात, तिथे सर्वांत चांगलं इंग्रजी बोलतात. वरवर थट्टा. पण आत त्याला लागतं. वाटतं, ही भाषा आधी याची आहे, मग माझी. याच्या तोंडी साधे शब्दही वेगळे वाजतात आणि माझ्या तोंडी उसने.

पुस्तक संपता संपता डायरीत एक नोंद आहे. त्याने शब्द शोधला. टंडिश अस्सल जुना इंग्रजी शब्द निघाला! मग डीनच्या नावाने बोटं मोडतो, आम्हाला आपली भाषा शिकवायला आला होता की आमच्याकडून शिकायला?

मी मुलांना विचारते, फनेलला मराठीत काय? तीस मुलांत पाच हात वर होतात.

पाटीपेन्सिल
नरसाळं!

कोकमकढी
नरसाळां.

उगाच
रेशनच्या दुकानात रॉकेल ओतायला असायचं ते. पत्र्याचं. वास अजून नाकात आहे. दुकानदार नरसाळ्यात थोडं रॉकेल ठेवूनच कॅन बाजूला करायचा, असा आईचा कायमचा संशय.

तिरकस_तात्या
आमच्याकडे ‘चाडी’सुद्धा म्हणत.

शब्दवेल्हाळ
चाडं म्हणजे तिफणीवरचं, बी सोडायचं. चाड्यावर मूठ धरली म्हणजे पेरणी सुरू. आकार तोच. तात्या, तुम्ही मूळचे कुठले?

तिरकस_तात्या
मूळचा बार्शीकडचा. सदाशिव पेठ नंतर.

वितळभट्टी
दोन वर्षांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी.

अहो, टंडिश काय जुना शब्द! मी पोलादाच्या कारखान्यात, कंटिन्युअस कास्टिंगवर सव्वीस वर्षं काम केलं. लॅडलमधून, म्हणजे मोठ्या भांड्यातून, वितळलेलं पोलाद आधी टंडिशमध्ये येतं, तिथून खालच्या साच्यांत. लॅडल बदलेपर्यंत धार तुटू नये म्हणून मधला साठा. टंडिश रोज तयार करायचा, आतलं अस्तर लावायचं, तापवायचा, ही आमची पहिली पाळी. ‘टंडिश गरम झाला का?’ हे वाक्य मी बायकोपेक्षा जास्त वेळा बोललो असेन. आमचे ऑपरेटर सांगलीकडचे, बिहारचे, ओडिशाचे. एकालाही इंग्रजी येत नव्हतं आणि एकालाही ‘टंडिश’ परका नव्हता. साहित्यात हा शब्द आहे हे आज कळलं. ऑक्सफर्डच्या पाद्र्याला माहीत नसेल, दुसऱ्या पाळीच्या फोरमनला माहीत आहे.

अडगळीची_खोली
वितळभट्टी, मी बावीस वर्षं हा प्रसंग शिकवते आणि हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी तुमचं नाव न घेता सांगणार.

वितळभट्टी
नाव घेतलं तरी चालेल. फोरमन म्हणा.

बाकावरचा
बघा, या प्रसंगाला चरित्र लागलं का? एक पान, एक शब्द.

शब्दवेल्हाळ
लागलं नाही कसं? डीनच्या मागे फादर डार्लिंग्टन नावाचा खरा माणूस आहे, त्याच कॉलेजातला. त्याला इब्सेनचं कौतुक सांगणारा, नाकारलेला लेख पदरच्या पैशाने छापणारा, पिअर्सचा वर्ग सोडणारा मुलगा समोर उभा आहे, हे माहीत असलं की तो पोरगा भाषेवर एवढा का चिडतो ते कळतं. आयरिश त्याने सोडली आणि इंग्रजी त्याला कुणी दिली नाही. मग ‘फिनेगन्स वेक’ या शेवटच्या पुस्तकाला सतरा वर्षं घालवून त्या इंग्रजीचं काय केलं ते सर्वश्रुत आहे.

तिरकस_तात्या
सर्वश्रुत आहे, पण सर्वांना कळलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका गटाने ते वाचायला १९९५ मध्ये घेतलं आणि २०२३ मध्ये संपवलं. शेवटचं वाक्य पहिल्याला जोडलेलं असल्याने पुन्हा सुरू केलं म्हणे. आमच्या सोसायटीच्या मीटिंगही अशाच.

गॉलवेची_झुळूक
शब्दवेल्हाळ, ‘कुणी दिली नाही’ हे जरा जास्त झालं. घरात इंग्रजीच होती, आई-वडील तीच बोलत. परकेपणा आयर्लंडचा होता, घरचा नव्हता. माझा मुलगा शाळेत आयरिश शिकतो, घरी मराठी, मित्रांशी इंग्रजी. त्याला कुठलीच परकी वाटत नाही. मलाच आळीपाळीने तिन्ही वाटतात.

शब्दवेल्हाळ
मान्य. वाक्य मागे घेतो. परिणामापुरतं बोललो.

लिफीकाठचा
मंडळी, चार दिवस कामात होतो, आज सगळं सलग वाचलं. रविवारी मुद्दाम स्टीफन्स ग्रीनला गेलो. जुन्या कॉलेजच्या त्या इमारतीत २०१९ पासून साहित्याचं म्युझियम आहे. काचेत ‘युलिसीस’ची पहिली प्रत ठेवलीय, २ फेब्रुवारी १९२२ ला पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीचने हजार प्रती काढल्या, त्यातली क्रमांक एकची. ती मी पाच मिनिटं पाहिली. फिजिक्स थिएटर शोधलं ते पाऊण तास. चढत्या रांगांचे बाक आहेत. बसलो.

आणि मला माझी पहिली नोकरी आठवली. इथे आलो त्या वर्षी मीटिंगमध्ये मी ‘प्रीपोन’ म्हणालो. मॅनेजर सज्जन माणूस. हसून म्हणाला, हा भारतात म्हणतात होय? अगदी डीनच्या सुरात. मी सॉरी म्हणालो. अकरा वर्षं ते सॉरी कुठे होतं कुणास ठाऊक.

निबंधाचा विषय ठरला. टंडिशचं एकच पान घेणार. आधी पान सहा-सात वेळा वाचून टिपणं काढली, एलमन बंद ठेवून. मग चरित्रातली १८९८ ते १९०२ एवढीच प्रकरणं उघडली. दोन्ही बाईंना विषय पाठवला. व्याख्यानवाल्या म्हणाल्या, ठीक, पण आवरा, चार हजारच शब्द आहेत. ट्युटर म्हणाली, छान, शनिवारी ड्रमकोंड्राला जाऊ या.

बाकावरचा
म्हणजे आधी पुस्तक. नोंद घ्यावी.

अडगळीची_खोली
आणि मग चरित्र. तीही घ्यावी.

उगाच
‘प्रीपोन’ नाही? मग काय म्हणतात?

लिफीकाठचा
मीटिंग अलीकडे आणा, असं लांबलचक काहीतरी म्हणतात. एक शब्द त्यांच्याकडे नाहीच.

निवांत_आजी
चौथं प्रकरण वाचलं. मांजरीचं ‘म्याव’ त्याने तीन वेळा तीन प्रकारे लिहिलंय. आमची मनी भूक लागली की तसंच करते, प्रत्येक वेळी एक अक्षर वाढवून. पाचवं सुरू केलं. साबण विकत घेतो तो कसला?

लिफीकाठचा
आजी, लिंबाच्या वासाचा. ते स्वेनीचं दुकान अजून आहे, औषधं विकत नाहीत, स्वयंसेवक चालवतात, बसून वाचन करतात आणि साबण विकतात. पुण्याला येईन तेव्हा एक आणतो.

निवांत_आजी
दोन आण. एक वापरायला.

लिफीकाठचा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, रागावू नका. निबंध गेला. पण सांगायचं ते वेगळंच आहे.

काल घरी गरम पाण्याच्या टाकीतून टपटप सुरू झाली. प्लंबर आला, साठीचा असेल. टाकीखाली हात घालून म्हणाला, “टंडिशमधून गळतंय, व्हॉल्व्ह गेला.” मी हातातला चहा तसाच धरून, “कशातून?” तो म्हणाला, “टंडिश. हा बघा.” पाइपला जोडलेलं एवढंसं नरसाळं, त्यात वरून पाणी पडताना दिसावं म्हणून उघडं ठेवलेलं. मी विचारलं, याला फनेल नाही म्हणत? तो माझ्याकडे जरा दयेने बघून म्हणाला, “फनेल स्वयंपाकघरात असतं.”

न राहवून विचारलं, तुम्ही ड्रमकोंड्राचे का? म्हणाला, नाही, लिमरिकचा.

वितळभट्टी
सांगितलं होतं ना, दुसऱ्या पाळीला विचारा.

तिरकस_तात्या
बिल किती झालं?

लिफीकाठचा
तात्या, त्याला चरित्राच्या भागात घालतो.